केल आणि भाजक्या बिटाचं पोटभर सॅलड, कोल्हापुरातल्या घरात

केल म्हणजे कोबीच्या कुळातली जाड हिरव्या पानांची भाजी. तिच्या सॅलडबद्दल दोन तक्रारी हमखास येतात. पान चामट लागतं, चावून चावून जबडा दुखतो, ही पहिली. बिटाला मातीचा वास येतो, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींवर उपाय आहे: पान चोळायचं, बीट भाजायचं. या दोन कामांना वेळ दिलात तर बाकीचं दहा मिनिटांत उरकतं. ती सोडून महागडं तेल, परदेशी चीज आणि कसल्याकसल्या बिया यांच्या मागे लागलात तर पैसे जातील आणि ताट जसंच्या तसं परत येईल.

तिसरी तक्रार खास इथली: "एवढ्यानं काय हुतंय?" तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसापुढे पाल्याचं ताट ठेवलं की तो आधी भाकरीची चौकशी करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. नुसती पानं आणि बीट म्हणजे जेवण नव्हे. म्हणून इथं सांगतो आहे ते सॅलड तोंडी लावायचं नाही. त्यात शिजवलेला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आहे, शेंगदाणे आहेत, चक्का आहे. रात्रीचं जेवण म्हणून एवढंच खाल्लं तरी दहा वाजता डबे उघडायची वेळ येत नाही.

तीन माणसांना पुरेल असं प्रमाण: केलची एक मोठी पेंडी, देठांसकट साधारण २५० ग्रॅम. मध्यम आकाराची ३ बिटं, म्हणजे ३५० ते ४०० ग्रॅम. अर्धी वाटी कोरडा शाळू. पाव किलो दह्याचा चक्का. मूठभर शेंगदाणे आणि एक छोटा कांदा. वरच्या ड्रेसिंगसाठी ३ मोठे चमचे शेंगतेल, दीड लिंबू, एक छोटा चमचा मोहरी, सुपारीएवढा गूळ, लसणाची एक पाकळी, अर्धा चमचा खर्डा आणि मीठ. यातलं केल सोडलं तर बहुतेक सगळं घरात असतंच.

केल कुठून आणायचा

रोजच्या माळव्यात केल मिळेल या भरवशावर राहू नका. लक्ष्मीपुरीत किंवा कपिलतीर्थ मंडईत मेथी, शेपू, पोकळा, चाकवत हवा तेवढा असतो. केल मात्र ब्रोकोली, झुकिनी, रंगीत ढोबळी ठेवणाऱ्या विक्रेत्याकडे विचारावा लागतो. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर काम सोपं होतं. थंडीत पान चांगलं मिळतं, कारण ही थंड हवेची भाजी आहे. गारठ्यात तिच्यात साखर वाढते आणि कडवटपणा कमी होतो. उन्हाळ्यातलं पान जाडं आणि कडू लागतं.

दोन प्रकार दिसतात. एक कुरळा, झालरीच्या पानांचा. दुसरा लांबट, गडद हिरवा, पानावर सुरकुत्या असलेला, त्याला टस्कन म्हणतात. नवख्याने मिळाला तर दुसरा घ्यावा. तो धुवायला सोपा, चोळायला सोपा, आणि कुरळ्याच्या झालरीत लपणारा मावा, म्हणजे बारीक कीड, त्यात चटकन दिसतो. पान तळहाताएवढं असावं, देठ वाकवला की कट्कन मोडावा. कडा पिवळ्या पडलेली पेंडी घासाघीस करून स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. फ्रिजमध्ये ठेवताना न धुता, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. तीन दिवस बरा राहतो, मात्र जितका शिळा तितका कडू.

आणि नाहीच मिळाला तर? कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच जातीची झाडं आहेत. माणसाने कुणाचा गड्डा वाढवला, कुणाचं फूल, कुणाचं खोड, आणि केलचं नुसतं पान. त्यामुळे नवलकोलाची कोवळी पानं केलच्या जागी बिनदिक्कत चालतात. चव जवळपास तीच, आणि बऱ्याचदा फुकट मिळतात, कारण विकणारी बाई पानं मोडून पायाशी टाकत असते. "मावशी, पानं मोडू नका, मला पायजेत," असं सांगितलं की ती आधी पिशवीकडे बघते, मग तुमच्याकडे. "पानं? म्हस हाय व्हय घरात?" म्हणायचं हो आणि घ्यायची. फ्लॉवरच्या गड्ड्याला चिकटलेली आतली लहान पानंही चालतात. पालक मात्र बदली म्हणून घेऊ नका. तो चोळला की त्याचा लगदा होतो. चोळणं सोसणारं जाड पान हवं, इथं त्याचंच काम आहे.

बीट निवडताना मुठीत मावेल एवढंच घ्या. मोठ्या बिटात आत पांढरट कडक वळी पडतात, ती कितीही भाजली तरी मऊ होत नाहीत. खालची शेपटी शाबूत असावी, साल ताणलेली असावी. तिन्ही बिटं एकाच आकाराची मिळाली तर भाजताना डोक्याला ताप नाही. पाल्यासकट मिळालं तर सोन्याहून पिवळं. पाला ताजा म्हणजे बीट ताजं, आणि त्या पाल्याची दुसऱ्या दिवशी लसूण घालून परतून भाजी होते.

आदल्या रात्री

दोनच कामं. अर्धी वाटी शाळू धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. आणि दही सुती फडक्यात बांधून टांगून ठेवा, खाली पातेलं. गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला कट्ट्यावर मिळतं तसलं म्हशीचं घट्ट दूध आणून दही घरीच लावलं असेल तर चक्का तीन-चार तासांत होतो. थंडीत रात्रभर बाहेर टांगला तरी चालतं. उन्हाळ्यात ते पातेलं फ्रिजमध्येच हवं, नाहीतर चक्का आंबटढाण होईल. डेअरीतून आयता आणलात तर साखर न घातलेला मागा. दसरा-पाडव्याच्या आसपास घाईत श्रीखंडच हातात पडतं.

चक्काच का? बिटाला गोडवा आहे, मातीचा वास आहे, त्याला शेजारी काहीतरी आंबट आणि स्निग्ध लागतं. पाश्चात्त्य देशांत यासाठी शेळीच्या दुधाचं चीज घालतात. ते शोधत फिरण्यापेक्षा म्हशीच्या दह्याचा चक्का तेच काम चोख करतो. पनीरही चालेल, पण पनीरला स्वतःचा आंबटपणा नाही, म्हणून मग लिंबू थोडं वाढवा.

सकाळी शाळूतलं पाणी काढून टाका, दीड वाटी नवीन पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरला लावा. एक शिटी झाली की गॅस बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं. दाणा बोटात दाबल्यावर दबला पाहिजे, पण पिठूळ होता कामा नये. चाळणीत निथळून ताटात पसरा म्हणजे चिकटणार नाही. भिजवायचं विसरलात तर शाळूच्या नादी लागू नका, कोरडा दाणा तासभर शिजवूनही टणकच राहतो. त्या दिवशी मोड आलेली मटकी वाफवून घाला, किंवा दोन उकडलेली अंडी.

बीट भाजणं

सगळ्यात जास्त वेळ याला लागतो, आणि घाई करून इथंच बिघडतं. कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन बीट मऊ होतं हे खरं. पण पाण्यात उकडलं की रंग आणि साखर त्या पाण्यात उतरतात, आणि हातात उरतं ते फिकट, पाणचट. भाजताना उलटं होतं: आतलं पाणी उडतं, साखर आत दाट होते, कडा किंचित करपून खमंग होतात. बिटात साखर किती असते याचा अंदाज ऊसपट्ट्यातल्या माणसाला तरी हवा. साखरबीट म्हणजे याच जातीचं पांढरं भावंड. त्यात १५ ते २० टक्के साखर भरते आणि युरोपातले साखर कारखाने त्याच्यावरच चालतात. बिटातून साखर काढता येते हे आंद्रेआस मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये दाखवून दिलं. आपल्या लाल बिटात साखर त्याच्या निम्मी वगैरे असेल, पण भाजून बाहेर काढायला तेवढी पुरे.

मातीच्या वासाचं कारणही सांगून टाकतो. वळवाच्या पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो ज्या द्रव्यामुळे येतो तेच द्रव्य बिटात असतं. जिओस्मिन त्याचं नाव. ते सालीत सर्वांत जास्त. म्हणून साल काढल्यावर आणि लिंबू पिळल्यावर वास बराच बसतो. ज्यांना तो वास आवडतो त्यांचा प्रश्नच नाही.

तयारी अशी. बीट धुवा, ब्रशने किंवा जुन्या फडक्याने घासून माती काढा. साल काढू नका. वरचा पाल्याचा देठ बोटभर ठेवूनच कापा आणि खालची शेपटी तशीच राहू द्या. दोन्हीकडे मुळाशी छाटलं की तिथून सगळा रस गळतो.

घरात ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, असेल तर ती २०० अंशांवर दहा मिनिटं तापवा. बिटाला तेलाचा हात लावून प्रत्येक बीट ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये सैल गुंडाळा आणि ४५ ते ६० मिनिटं भाजा. लिंबू किंवा व्हिनेगर फॉइलमध्ये घालू नका, आंबट पदार्थाने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. फॉइल आवडत नसेल तर झाकणाच्या काचेच्या भांड्यात दोन चमचे पाणी घालून ठेवा, वेळ तेवढाच.

ओटीजी नसेल तर हरकत नाही, आणि खरं सांगायचं तर मला पुढची पद्धतच जास्त आवडते. जाड बुडाची कढई घ्या, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असली तर उत्तम. शिरोली आणि उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांच्या गावात बिडाच्या भांड्याचं कौतुक वेगळं सांगायला नको: तापायला वेळ लावते, पण एकदा तापली की ताप सोडत नाही. कढईत जाड्या मिठाचा बोटाच्या पेराएवढा थर पसरा. त्यावर अख्खी, कोरडी केलेली बिटं ठेवा, एकमेकांना चिकटू देऊ नका. घट्ट झाकण ठेवून पाच मिनिटं मध्यम आंच, मग बारीक. दर पंधरा मिनिटांनी चिमट्याने फिरवा. मध्यम बिटाला पाऊण ते एक तास लागतो. साल असल्यामुळे बीट खारट होत नाही, आणि तेच मीठ थंड करून बरणीत भरलं की पुढच्या वेळी परत वापरता येतं. मीठ तडतडलं तर घाबरू नका, त्यात ओल होती एवढंच. बीट मात्र फडक्याने नीट पुसून मगच ठेवा.

एअर फ्रायर असेल तर अख्ख्याच्या भानगडीत न पडता साल काढून, पेराएवढ्या फोडी करून, तेल-मीठ लावून १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून. पटकन होतं, आतून जरा कोरडं लागतं.

वांग्यासारखं थेट गॅसवर बीट भाजायला जाऊ नका. वांगं आतून पोकळ-मऊ असतं, बीट भरीव. बाहेरून कोळसा होईपर्यंत आत कच्चंच राहतं. चुलीच्या विझत आलेल्या निखाऱ्यात, राखेत पुरून मात्र फार सुंदर होतं. गावाकडे चूल पेटत असेल तर स्वयंपाक झाल्यावर पुरून ठेवा आणि जेवण होईपर्यंत विसरा.

झालं की नाही ते सुरीने बघायचं. पातळ सुरी मध्यापर्यंत गेली आणि काढताना बीट सुरीबरोबर उचललं गेलं नाही, म्हणजे झालं. मग ते दहा मिनिटं झाकून ठेवा. कोमट झालं की साल अंगठ्याने ढकलली तरी निघते, निघाली नाही तर अजून कच्चं आहे, परत कढईत. हाताला आधी थोडं तेल लावून घ्या म्हणजे बोटं दोन दिवस गुलाबी राहणार नाहीत. पांढरा ओटा आणि लाकडी पाट यांच्यावर मात्र कागद अंथरा.

फोडी जाड कापा, एका घासाएवढ्या. आता हवं तर शेवटचा हात: तवा चांगला तापवून अर्धा चमचा तेल टाका, फोडी कापलेल्या बाजूने ठेवा आणि दोन मिनिटं हलवू नका. खाली साखर तपकिरी होईल. कढईत मिठावर भाजलेल्या बिटाला ही पायरी केलीत तर फरक लगेच कळतो. फोडी वाटीत काढून गरम असतानाच अर्ध्या लिंबाचा रस आणि किंचित मीठ घालून ठेवा. लिंबामुळे लाल रंग टवटवीत राहतो. मऊ व्हायला म्हणून खाण्याचा सोडा कधीही घालू नका, त्याने बिटाचा रंग पिवळट-तपकिरी होऊन जातो.

पान चोळणं

बीट भाजत असताना हे काम होतं. पानं मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. अळी, मावा, माती खाली बसते. पातेलं उपडं करू नका, पानं वरच्यावर उचलून घ्या, नाहीतर खाली बसलेलं सगळं परत त्यांच्याच अंगावर. मग पिण्याच्या पाण्याने दोनदा धुवा. पान उलटं करून मागची बाजू बघाच, हिरवी अळी हिरव्या शिरेला चिकटून बसते आणि अजिबात दिसत नाही. शेवटी पंचावर पसरून कोरडी करा. ओल्या पानाला तेल धरत नाही.

आता देठ. डाव्या हातात देठाचं टोक धरा, उजव्या हाताच्या बोटांच्या चिमटीत पान पकडून वरच्या दिशेने एकदम ओढा. पान सुटून हातात येतं आणि मधली शीर काडीसारखी उरते. ती शीर सॅलडमध्ये नको. कितीही चोळली तरी ती दाताखाली येतेच. काड्या फेकू मात्र नका, त्यांचं पुढे सांगतो. पानांची गुंडाळी करून अर्ध्या बोटाच्या पट्ट्या चिरा.

पट्ट्या परातीत घ्या. पाव चमचा मीठ, एक चमचा लिंबाचा रस, एक चमचा शेंगतेल. आता दोन्ही हातांनी मूठ भरून दाबायचं, सोडायचं, उलटायचं, परत दाबायचं. सुरुवातीला पानं हातातून निसटतात, कुरकुर आवाज करतात, परातीबाहेर उड्या मारतात. मिनिटभराने आवाज बंद होतो. दुसऱ्या मिनिटाला रंग बदलतो: वरचा निळसर, मळकट हिरवा जाऊन पान ओलं, गडद, चकचकीत होतं, आणि परातभर ढिगाचा निम्मा ऐवज राहतो. इथं थांबा. एक पट्टी तोंडात टाकून बघा, चावताना कर्र वाटलं पाहिजे पण ओढावं लागू नये. पाच-सात मिनिटं मळत राहिलात तर पान काळपट होऊन पाणी सोडतं. मग त्याची भाजी करा, सॅलड होणार नाही.

हे सगळं का होतं? मीठ पानातलं पाणी ओढतं, आंबटाने पानाचा ताठपणा सैल होतो, आणि दाबण्याने पेशींच्या भिंती तुटतात. शिजवून जे होतं त्यातलं बरंचसं हात करतात, तेही आंच न लावता. चोळलेला केल झाकून पंधरा मिनिटं बाजूला ठेवलात तर आणखी मऊ होतो, कडवटपणाही उतरतो.

मोहरी फेसून ड्रेसिंग

बाटलीतलं मस्टर्ड आणू नका, आपल्याकडे फेसलेली मोहरी आहे. एक चमचा मोहरी खलबत्त्यात कोरडी कुटा, मग चमचाभर गार पाणी घालून घोटत राहा, झणका नाकात जाईपर्यंत. पाणी आधी आणि लिंबू नंतर, हा क्रम पाळा. मोहरीचा झणका पाणी लागल्यावरच तयार होतो, आणि आंबट किंवा गरम काही आधीच पडलं तर ती प्रक्रिया अडते. दहा मिनिटं तशीच ठेवा. मग लसणाची पाकळी आणि गूळ त्यातच ठेचा.

गूळ चिक्कीचा किंवा पिवळाधमक नको, तांबूस, मऊ, जरा खारट चवीचा घ्या. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि हंगामात शाहू मार्केट यार्डात त्याचे सौदे निघतात. तेव्हा निदान आपल्या गावात तरी सॅलडमध्ये मध घालायचं कारण नाही. बीट मुळातच गोड, म्हणून गूळ सुपारीएवढाच. आता एका लिंबाचा रस, मीठ, खर्डा. शेवटी तेल, थेंबथेंब नव्हे पण बारीक धारेने, चमच्याने घोटत. मोहरीमुळे तेल आणि लिंबू एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे ड्रेसिंग घट्टसर, दुधाळ होतं. फुटलं तर चमचाभर चक्का घालून परत घोटा.

तेल लाकडी घाण्याचं असलं तर शेंगांचा वास येतो आणि तो बिटाला शोभतो. ऑलिव्ह ऑइल घरात असेल तर वापरा, मुद्दाम आणू नका. खर्डा हिरव्या मिरचीचा, भाजून केलेला. तो नसेल तर कांदा-लसूण चटणी चिमूटभर. चिमूटभरच. हात सवयीने सैल सुटला तर पुढ्यात मिसळीचा कट येईल आणि त्यात केल पोहत असेल.

ताटात घालताना

क्रम महत्त्वाचा आहे, कारण बीट सगळ्यांना रंगवतं. आधी चोळलेल्या केलवर निम्मं ड्रेसिंग घालून हाताने कालवा. मग शाळू आणि पातळ उभा चिरलेला कांदा घाला, परत कालवा. कांदा आधी पाच मिनिटं लिंबाच्या पाण्यात ठेवला तर उग्र लागत नाही. हे ताटात पसरा. वर बिटाच्या फोडी मांडा, कालवू नका. चक्का चमच्याने ठिकठिकाणी टाका. उरलेलं ड्रेसिंग वरून, आणि अगदी शेवटी भाजून भरड कुटलेले शेंगदाणे. आजरा-चंदगडकडून कुणी काजू पाठवले असतील तर आज त्यांचा दिवस. सगळं तांबडं झालेलं चालत असेल तर खुशाल एकत्र कालवा. या गावात तांबड्याला कोण नाव ठेवतंय.

बीट कोमट असताना वाढलं तर चव सगळ्यात चांगली. फ्रिजमधून काढून थेट वाढलेलं सॅलड मुकं लागतं, अर्धा तास बाहेर ठेवा. शाळूची भाकरी बरोबर हवी असं वाटलं तर घ्या, धान्य दोनदा होतं एवढंच. सुक्क्या मटणाच्या ताटात हे वाढायचं असेल तर चक्का आणि शाळू गाळा, लिंबू वाढवा.

पावसाळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जुलै-ऑगस्टमध्ये पाला कच्चा खाऊ नये. सततच्या पावसात पानावर चिखल उडतो, पानं सडकी येतात, धुऊन समाधान होत नाही. त्या दिवसांत चिरलेली पानं उकळत्या मिठाच्या पाण्यात मिनिटभर टाका, काढून लगेच गार पाण्यात घाला, पिळून घ्या आणि मग हेच सगळं करा. चोळायची गरज उरत नाही. पोटातल्या बाळासाठी जपणाऱ्या बाईने वर्षभरच ही वाट धरावी, आणि चक्काही पाश्चराइज्ड दुधाचाच घ्यावा.

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी केल अचानक भरपूर खायला सुरुवात करू नये, डॉक्टरांना विचारावं. केलमध्ये के जीवनसत्त्व खूप असतं आणि ते त्या गोळीच्या उलट काम करतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी बीट जपून खावं, त्यात ऑक्झलेट जास्त असतं, पाल्यात तर अधिकच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी गुलाबी दिसली तर दवाखाना गाठण्याआधी काल रात्री काय खाल्लं ते आठवा. काही जणांना बिटाने असं होतं, त्यात भिण्यासारखं काही नाही.

केल वरचेवर लागणार असेल तर गच्चीवर कुंडी लावणं फायद्याचं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की बी अर्ध्या पेराएवढं खोल पेरा. आठवडाभरात उगवतं, दोनेक महिन्यांत पानं काढता येतात. खालची, बाहेरची पानं तोडत जायची, मधला शेंडा सोडायचा, मग थंडी संपेपर्यंत झाड देत राहतं. पांढरी फुलपाखरं कुंडीभोवती फिरताना दिसली की दुसऱ्या दिवसापासून पानाची मागची बाजू तपासा, अंडी तिथेच असतात.

उरलेलं सॅलड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तम राहतं. केल हे ड्रेसिंग घातल्यावर न मरणारं पान आहे, म्हणून ऑफिसच्या डब्याला चालतं. फक्त शेंगदाणे वेगळ्या पुडीत द्या. भाजलेलं बीट साल न काढता फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं, तेव्हा कढई तापवलीच आहे तर तिनाच्या जागी सहा भाजून ठेवा. उरलेल्यांची दह्यातली कोशिंबीर होते, वरून जिरं-मिरचीची फोडणी.

आणि त्या काड्या. अगदी बारीक चिरायच्या, कांद्याबरोबर तेलात परतायच्या, मऊ झाल्या की त्यातच झुणक्याचं पीठ भुरभुरायचं. कांद्याची पात घालतो तेवढ्याच प्रमाणात घाला, झाकण ठेवून दोन वाफा जास्त द्या.